पाय धुवून घेताना

शरीराची काळजी घेण्याचा आपला क्रम बहुधा वरून खाली येणारा असतो. डोळ्यांना चष्मा, कानांना यंत्र, दातांना कवळी, मग छाती, पोट, गुडघे. पावलांपर्यंत पोहोचेतो घरातला पैसाही संपलेला असतो आणि उत्साहही. त्यातच उतारवयात पाऊल हा आपल्यापासून सर्वांत लांब गेलेला अवयव ठरतो. कंबर वाकत नाही, पोट आड येते, आणि कसेबसे वाकलेच तर तळव्यावरची रेघ भेगेची की जखमेची हे डोळ्यांना उमगत नाही. स्वतःचे पाऊल स्वतःला दिसेनासे होणे ही वार्धक्याची एक खूण आहे, मात्र तिचा उल्लेख कोणी करीत नाही.

वाचकहो, डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या पायांनी काय सोसलेले असते ते आपणांस ठाऊक आहे. आषाढातली लावणी म्हणजे दिवसचे दिवस चिखलात उभे राहणे; बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि रात्री खाजेने झोप लागत नाही. किनाऱ्याला वाळू, शिंपले, माशांचे काटे. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या. तलासरीच्या माळावर अनवाणी तुडवलेली वाट. वारली चित्रातला माणूस म्हणजे दोन त्रिकोण आणि हातापायांच्या चार रेषा. पण गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतल्या त्या पायांच्या रेषा क्षणभर स्वस्थ नसतात. तारप्याभोवती फेर धरणारे, शेतात जाणारे, जाळे ओढणारे असे ते पाय. याच पायांवर इथल्या माणसांनी आयुष्य काढले. साठी-सत्तरी उलटल्यावर ते पाय कोणाच्या तरी हाती सोपवण्याची वेळ आली की मात्र घरात मोठा पेच उभा राहतो.

असाच पेच एका पत्राने माझ्यापुढे ठेवला आहे. लिहिणाऱ्या भगिनी तलासरी तालुक्यातील. कुटुंब ख्रिस्ती. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, वय ८२, मधुमेह वीस वर्षांचा. गावातली मोठी झालेली मुले आजही वाटेत वाकून त्यांच्या पायांना हात लावतात. महिन्यापूर्वी त्यांच्या मोज्याला डाग दिसला. विचारले तर ‘काही नाही, चप्पल लागली’ असे उत्तर मिळाले. पाऊल दाखवायला ते तयार नाहीत. सून म्हणते, मी पाय धुऊन देते, नखे कापून देते. तर ते पाय ओढून घेतात आणि दिवसभर बोलत नाहीत. शेवटी तिने लिहिले आहे की हेच बाबा एके काळी पवित्र गुरुवारी देवळात बारा जणांत बसले होते. फादरांनी त्यांचे पाय धुतले, पुसले, तेव्हा त्यांना काहीच वाटले नव्हते. घरात मात्र माझा हात त्यांना नको. असे का?

प्रश्न फार नेमका आहे. पत्र लिहिणारीला कदाचित कल्पनाही नसेल, पण तो प्रश्न शुभवर्तमानातलाच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय उघडून पाहा. भोजन चालू असता येशू उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी हे काम घरातल्या दासाचे होते. बाकीचे शिष्य काय म्हणाले याची नोंद नाही, पेत्राची आहे. तो साफ नकार देतो. माझे पाय तू धुवायचे? ते कधीही घडणार नाही, असा त्याचा सूर. येशू सांगतो की मी धुतले नाहीत तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. तेव्हा पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला जातो: मग नुसते पाय कशाला, हात आणि डोकेही धू! येशू त्याला शांतपणे पुन्हा पायांवर आणतो. ज्याने स्नान केले आहे त्याचे पाय तेवढे धुवायचे असतात.

हा संवाद घरोघरी वेगळ्या शब्दांत रोज चालतो. आधी ‘मला कोणाची गरज नाही’, आणि एकदा पडून हाड मोडले की ‘आता माझे सगळे तुम्हीच करा’. या दोहोंच्या मधले, मोजके साहाय्य मोजक्या जागी स्वीकारणे हे अवघड आहे. पेत्राला ते जमले नाही, तर आपल्याला एका दिवसात जमेल अशी अपेक्षा धरू नये.

पायधुणीचा हा प्रसंग वाचताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. अगोदरच्याच, म्हणजे बाराव्या अध्यायात, बेथानी गावी मरिया येशूच्या पावलांना मोलाचे सुगंधी तेल लावते आणि आपल्या केसांनी ती पुसते. यहूदा खर्चावरून कुरकुर करतो. येशू त्यालाच थांबवतो, मरियेला नाही. तो पाय मागे घेत नाही. अर्थात शिष्यांचे पाय धुण्यापूर्वी काही दिवस त्याने स्वतःचे पाय दुसऱ्याच्या हाती दिले होते. सेवेचा धडा देणाऱ्याने सेवा स्वीकारण्याचा धडा आधी गिरवला, हा क्रम मला फार बोलका वाटतो. प्रवचनांत पहिल्या भागाची आठवण निघते, दुसऱ्याची सहसा निघत नाही.

या भागाशी या विषयाचा आणखी एक धागा जुळलेला आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. जर्मनीतील श्वार्त्झेनाऊ येथे १७०८ साली आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेऊन एक लहानशी मंडळी सुरू केली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांचे पहिले मिशनरी, स्टोव्हर दांपत्य आणि बर्था रायन, १८९४ साली भारताकडे निघाले व वलसाडला स्थिरावले. तेथून हे काम डहाणूपर्यंत आले. डॉ. बार्बरा निकी यांच्यासारख्या डॉक्टर बाईंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डहाणूत रुग्णसेवा केली, आणि ब्रदरन मिशनचे रुग्णालय हे नाव इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही येते. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा ही मंडळीही त्यात सामील झाली.

या मंडळीची ओळखच पायधुणीची आहे. त्यांच्या प्रीतिभोजनात आधी पाय धुणे, मग साधे जेवण, मग प्रभुभोजन असा क्रम असतो. पुरुष पुरुषांचे आणि स्त्रिया स्त्रियांचे पाय धुतात. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत याच विधीवरून त्यांच्यात मोठा वाद झाला. एकाने रांगेतल्या अनेकांचे पाय धुवावेत आणि दुसऱ्याने ते पुसत जावे, ही एक पद्धत. प्रत्येकाने शेजाऱ्याचे पाय धुवावेत, पुसावेत आणि मग आपले पाय पुढच्याकडून धुवून घ्यावेत, ही दुसरी. नम्रता शिकण्याच्या विधीवरून माणसे हट्टाला पेटली हे वाचून हसू येते. वाद मात्र क्षुल्लक नव्हता. पहिल्या पद्धतीत धुणारा हा धुणाराच राहतो. दुसरीत धुवून घेतल्यावाचून कोणाचीही सुटका नाही. पुढे ही दुसरी पद्धतच अधिक रूढ झाली.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे येऊ. गुरुजींना देवळात काही वाटले नाही, कारण तेथे पाय धुवून घेणे हा मान होता. बारा प्रतिष्ठितांत निवड झाली, पाय घरून स्वच्छ धुऊनच नेले, आणि विधी पाच मिनिटांत आटोपला. गावातली मुले पाया पडतात तोही मानच. नमस्कारात पाऊल उंचावर असते आणि नमस्कार करणारा खाली. घरी सून पाय धुवायला बसते तेव्हाही ती खालीच बसते, तरी गुरुजींना मात्र आपणच खाली गेल्यासारखे वाटते. कारण त्या पावलावर जखम आहे, तिला वास आहे, नख वेडेवाकडे वाढले आहे, आणि हे सारे सुनेला दिसणार आहे. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, त्याला आपले उणे कोणी पाहावे हे सोसत नाही. यात गुरुजींचा राग येण्याऐवजी त्यांची बाजू कळावी, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

आणि इथल्या मातीत याला आणखी एक पदर आहे. या तालुक्यांत एके काळी वारल्यांवर वेठ लादली जाई. जमीनदाराच्या घरचे, शेतावरचे, अंगमेहनतीचे सारे काम बिनमोल आणि मारहाणीच्या धाकाने करावे लागे. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी ही वेठ नाकारली. ज्यांच्या आजोबांनी वेठ भोगली, त्यांना दुसऱ्याकडून अंगसेवा करून घेताना संकोच वाटला तर तो समजण्यासारखा आहे.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, थोडी कडू लागली तरी. सुनेकडून गृहीत धरलेली सेवा हीदेखील वेठच असते, मग तिच्यावर कितीही प्रेमाचे पांघरूण घाला. शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगात कोणी येशूला रुमाल बांधायला भाग पाडले नव्हते. आपण कोठून आलो आणि कोठे जाणार हे पुरते ठाऊक असताना तो उठला, असे योहान मुद्दाम नमूद करतो. शिवाय रुमाल बांधणारा पुरुष होता. पत्र मी दोनदा वाचले. त्यात सून आहे, सासरे आहेत, नातवंडांची शाळाही आहे. मुलगा कोठे आहे? तो त्याच घरात राहतो, कारखान्यातून सायंकाळी घरी येतो, असा एका ओळीत उल्लेख आहे. तर ताई, पहिले काम त्याच्याकडे द्या. वडिलांचे पाऊल मुलाने हाती घेतले तर गुरुजींचा निम्मा संकोच तेथेच गळून पडेल. पायधुणीसाठी निवडलेल्यांत स्त्रियांनाही घ्यावे, असे पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१६ मध्ये रीतसर ठरवून दिले. घराघरांत मात्र उलट दिशेची सुधारणा बाकी आहे. तेथे रुमाल पुरुषांच्या हाती जायला हवा.

आता जखमेविषयी. येथे धर्मचिंतन क्षणभर बाजूला ठेवू.

मधुमेह अनेक वर्षांचा झाला की पावलांतल्या संवेदनांच्या नसा हळूहळू निकामी होतात. खडा टोचतो, चप्पल घासते, गरम पाण्याने कातडी पोळते, पण मेंदूपर्यंत वार्ता पोहोचत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे विशेष काही नाही’ हे वाक्य निरोग्याच्या तोंडी ठीक, मधुमेह्याच्या तोंडी धोक्याचे. हे मर्म ज्यांनी जगाला समजावले त्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव मोठे आहे. १९१४ साली तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला, आणि १९४६ पासून वेलूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी कुष्ठरुग्णांवर काम केले. कुष्ठरोगाने बोटे सडून झडतात अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांना दिसले की बोटे रोगाने गळत नाहीत. वेदना नसल्यामुळे न कळलेल्या इजांनी ती झिजतात. काही रुग्णांची बोटे तर रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवली तेव्हा उंदीर येऊन कुरतडतात आणि झोपलेल्याला पत्ता लागत नाही असे आढळले. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची प्रथा पडली! वेदना ही देवाची देणगी आहे असे हे डॉक्टर म्हणत, ते या अनुभवातून. मधुमेह्याच्या पावलाला आज जी मऊ रबराची एमसीआर चप्पल सुचवली जाते, तिची वाटही कुष्ठरुग्णांच्या पायांवरून आली आहे.

जे पाऊल स्वतः ओरडू शकत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी रोज पाहायला हवे. ही सेवेची ऐच्छिक शोभा नव्हे, औषधाइतकीच गरज आहे. ज्येष्ठांना खुर्चीवर बसवावे. आपण त्यांच्यासमोर स्टुलावर बसावे, ओणवे राहू नये, नाहीतर दोन महिन्यांत आपलीच कंबर धरेल. पाणी कोमट, आणि ते आपल्या कोपराने पारखावे; ज्याच्या पायाला चटका कळत नाही त्याने पाय बुडवून पाणी पाहणे म्हणजे आंधळ्याने दिवा तपासण्यासारखे आहे. फार वेळ पाय भिजवत ठेवू नयेत. साधा साबण, मऊ फडके, आणि नंतर बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने पूर्ण कोरड्या करणे, हे सर्वांत महत्त्वाचे. टाचेला खोबरेल किंवा कोकमाचे तेल लावावे, बेचक्यांत मात्र लावू नये. तेथे ओल राहिली की चिखल्या होतात. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. कुरूप ब्लेडने काढणे किंवा त्यावर बाजारातली जळजळीत पट्टी लावणे टाळावे. उठण्यापूर्वी फरशी पुसून घ्यावी. पाय धुण्यासाठी बसलेला माणूस उठताना घसरून पडला तर सगळेच मुसळ केरात. घरातही अनवाणी चालू नये, आणि चप्पल-बूट घालण्याआधी आत हात घालून खडा किंवा खिळा आहे का ते पाहावे.

पाहायचे ते एवढे: लाली, सूज, फोड, भेग, स्राव, रंगातला फरक, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागणे. मधुमेह्याच्या पायावर जखम दिसली की हळद, चुना, झाडपाला यांत दिवस घालवू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. भोवताली लाली पसरत असेल, दुर्गंधी असेल, बोट काळे पडू लागले असेल किंवा ताप आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पावलांतली संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनच्या एका बारीक तंतूने ही तपासणी होते, सुई नाही, कापाकापी नाही. आणि पायाला जखम असताना पावसाळ्यात शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरू नये. उतरावेच लागले आणि पुढे ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

ताई, तुमच्या पत्रात महिन्यापूर्वीचा डाग आहे. उद्याची वाट पाहू नका. गुरुजींना ‘पाय दाखवा’ म्हणू नका. ‘डॉक्टरांकडे जाऊ, तेच पाहतील’ म्हणा. घरच्यांपेक्षा परक्यापुढे पाय पुढे करणे त्यांना सोपे जाईल, देवळात गेले तसेच.

येथे काही ज्येष्ठ वाचक विचारतील की मग आम्ही प्रत्येक गोष्टीला मान तुकवायची काय? तसे मुळीच नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बर्जिल्लय नावाचा ८० वर्षांचा एक गृहस्थ आहे. दावीद राजा संकटात असताना त्याने त्याच्या अन्नपाण्याची तरतूद केली होती. राजा परतताना म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमला चल, मी तुला सांभाळीन. बर्जिल्लय नम्रपणे नाही म्हणतो. आता मला अन्नाची चव कळते काय, गाणाऱ्यांचे सूर ऐकू येतात काय, असे तो विचारतो. आपले ओझे राजावर कशाला, मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरीजवळ मरू द्या, असे सांगतो. वार्धक्यातल्या मंदावलेल्या इंद्रियांचे इतके साधे वर्णन धर्मग्रंथांत क्वचितच आढळते. आणि राजा रागावत नाही. त्याचे चुंबन घेऊन, आशीर्वाद देऊन त्याला घरी जाऊ देतो.

२०१३ च्या एप्रिलमध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून बोरिवली-विरारला स्थायिक झालेल्या मुलांचा आग्रह वाढला आहे: गाव सोडा, आमच्याकडे या. ज्याला आपली वाडी, आपले देऊळ, आपले ओटे सोडवत नाहीत, त्याने बर्जिल्लयासारखे ‘नाही’ म्हणावे. तो नकार विचाराचा आहे. पाऊल लपवण्याचा नकार भयाचा आहे. कोठे राहायचे, काय जेवायचे, कोणाशी बोलायचे हे ज्येष्ठांनी ठरवावे. सडणारी जखम दाखवायची की नाही हा प्रश्न मात्र एकट्याच्या मर्जीचा उरत नाही, कारण पाय कापावा लागला तर घर सगळ्यांचे थांबते. दोन्ही नकारांत बर्जिल्लयाचेच शब्द वापरले जातात हे खरे: ‘कोणाला ओझे नको.’ ऐकणाऱ्याने त्यामागे विचार आहे की भय, हे ओळखायचे.

पेत्राची गोष्टही तेराव्या अध्यायात संपत नाही. एकविसाव्या अध्यायात, सरोवराकाठी माशांची न्याहारी आटोपल्यावर, येशू त्याला सांगतो की तरुणपणी तू आपली कंबर आपण बांधून हवे तेथे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील आणि दुसरा तुझी कंबर बांधून तुला नको तेथे नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी होते असे योहान स्वतःच सांगतो, त्यामुळे त्यातून भलते अर्थ काढू नयेत. तरीही ज्यांचे हात सकाळी दुसरे कोणी सदऱ्याच्या बाहीत घालते, त्यांना ती ओळ आपल्यासाठीही लिहिली आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. पाय धुवून घ्यायला नकार देणाऱ्या त्याच माणसाला हे सांगितले गेले, हेही ध्यानात घ्यावे.

शेवटी सेवा करणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर २०१८ पासून कित्येक महिने डहाणू-तलासरी भागाला भूकंपाचे धक्के बसत राहिले. धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांत लोक थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपले. अशा रात्री अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून बाहेर आणणे आणि पुन्हा आत नेणे म्हणजे काय, हे तेव्हाच्या घरांना विचारावे. त्या दिवसांची आठवण निघाली की मला एलीया संदेष्टा आठवतो. राजांच्या पहिल्या पुस्तकात तो थकून रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता मरण येऊ दे म्हणतो. देवदूत येतो, पण उपदेश करीत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा जेवायलाच उठवतो. वारा, भूकंप आणि अग्नी हे सगळे पुढे, डोंगरावर येते. देव त्यांपैकी कशातही नसतो, त्यानंतरच्या मंद वाणीत असतो. पण आधी भाकर, पाणी आणि झोप.

म्हणून ज्या घरात कोणी रुग्णाची सेवा करीत आहे, तेथे भेटायला जाताना फळांची पिशवी आणि सल्ले नेण्याऐवजी दोन तास न्या. ‘तू झोप, मी बसतो’ एवढे म्हणा. मंडळीतल्या, वाडीतल्या चार घरांनी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतला तरी मोठा आधार होतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय निःशुल्क मदतवाहिनीही आहे. ती सेवकांनीही जरूर वापरावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या पवित्र गुरुवारी रोममधल्या एका केंद्रात वृद्ध आणि अपंग अशा १२ जणांचे पाय धुतले. पुढे त्यांचेच गुडघे दुखू लागले. २०२४ मध्ये त्यांनी एका महिला तुरुंगात चाकाच्या खुर्चीवर बसून पाय धुतले. त्यासाठी त्या भगिनींना उंचावर बसवले होते. २०२५ च्या पवित्र गुरुवारी ते तुरुंगात गेले, मात्र या वर्षी पाय धुणे मला जमत नाही, पण तुमच्याजवळ असावे म्हणून आलो आहे, अशा अर्थाचे बोलले. चार दिवसांनी ते वारले.

बर्जिल्लयाच्या कानांचा प्रश्न मात्र राहून गेला. गाणाऱ्यांचे सूर ऐकू येत नाहीत असे तो म्हणाला. आपल्यातल्या अनेकांना नातवंडांचे बोलणे ऐकू येत नाही आणि तरी यंत्र कपाटात पडून असते. त्याविषयी पुढील अंकी.